दोन शिलिंग आठ पेन्सांचं मूल

चौथीत असताना दिवाळीनंतर आमच्या वर्गाचे दोन भाग पडले. दहा-बारा मुलांना सरांनी 'स्कॉलरशिप'साठी निवडलं आणि उरलेल्यांना मैदानावर सोडलं. मी आत होतो. माझ्या बाकावरचा मित्र बाहेर गेला. तो बाजारच्या दिवशी आईबरोबर भाजी विकायला बसायचा आणि पावशेर-अर्ध्या किलोचे हिशोब माझ्यापेक्षा चटकन करायचा. पण त्याचं वाचन कच्चं होतं आणि तो परीक्षेत बसला असता तर शाळेचा निकाल खाली आला असता. सर वाईट नव्हते. तालुक्यात कुठल्या शाळेचे किती विद्यार्थी शिष्यवृत्तीधारक झाले यावरून त्यांचं मोजमाप व्हायचं, एवढंच.

मी आता सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणजे मोजण्यावरच माझं पोट चालतं. आमच्याकडे एकदा 'किती बग मिटवले' हा कामाचा निकष ठरला. महिन्याभरात आम्ही एका बगच्या तीन-तीन नोंदी करायला शिकलो. आकडे सुधारले, सॉफ्टवेअर होतं तसंच राहिलं. त्या वेळी मला चौथीचा वर्ग आठवला, आणि 'निकालाप्रमाणे पैसे' ही कल्पना शाळेत आली कुठून, हे शोधताना मी व्हिक्टोरिया राणीच्या इंग्लंडमध्ये जाऊन पोचलो.

तिथे 1861 साली न्यूकॅसल आयोगाचा अहवाल आला. गरिबांच्या शाळांना सरकार अनुदान देत होतं, पण शिक्षक वरच्या वर्गातल्या हुशार मुलांवर मेहनत घेतात आणि लहान, मागे पडलेल्या मुलांकडे दुर्लक्ष करतात, अशी आयोगाची तक्रार होती. तक्रार खोटी नव्हती. त्यावर शिक्षण खात्याचे प्रमुख रॉबर्ट लो यांनी 1862 मध्ये 'रिव्हाइज्ड कोड' लागू केला. नवी योजना स्वस्त नसेल तर कार्यक्षम असेल आणि कार्यक्षम नसेल तर निदान स्वस्त असेल, असं त्यांनी संसदेत सांगून टाकलं होतं.

हिशोब असा होता. सरासरी हजेरीवर दर मुलामागे 4 शिलिंग. शिवाय सहा वर्षांवरचं जे मूल पुरेसे दिवस शाळेत आलं, त्याच्या नावावर आणखी 8 शिलिंग. पण या 8 शिलिंगांसाठी वर्षातून एकदा इन्स्पेक्टरसमोर वाचन, लेखन आणि गणित अशी परीक्षा. एका विषयात मूल नापास झालं की 2 शिलिंग 8 पेन्स कापले, तिन्हींत नापास झालं की 8 शिलिंग गेले. मागे पडलेल्या मुलालाही पुढच्या मुलाइतकीच किंमत आली. कागदावर बघितलं तर यात न्याय आहे. मी इंजिनिअर म्हणून त्या काळी असतो, तर कदाचित हेच डिझाइन केलं असतं.

प्रत्यक्षात शाळांनी पैसे मिळणाऱ्या तीन गोष्टी शिकवल्या आणि इतिहास, भूगोल बाजूला सारले. 1867 मध्ये अशा विषयांसाठी वेगळं अनुदान द्यावं लागलं. वर्षभर एकच वाचनपुस्तक घोकून घेतलं जाई. मुलं ते पुस्तक उलटं धरूनही 'वाचू' शकत, असे किस्से त्या काळाबद्दल सांगतात. परीक्षेच्या दिवशी आजारी मुलांना पांघरुणात गुंडाळून आणत. कारण गैरहजर मूल म्हणजे बुडालेले शिलिंग, आणि शिक्षकाचा पगार बऱ्याचदा त्याच शिलिंगांतून निघायचा. जी वस्ती गरीब, जिथली मुलं कामामुळे शाळा बुडवणार, तिथल्या शाळेचंच अनुदान आधी कापलं जाणार हे उघड होतं.

हे सगळं आतून बघणारा एक माणूस होता. कवी आणि समीक्षक म्हणून आपण ओळखतो तो मॅथ्यू अर्नोल्ड. त्याने पस्तीस वर्षं शाळा-इन्स्पेक्टरची नोकरी केली. 1867 च्या अहवालात त्याने लिहिलं, की पुरेशी चलाख तयारी करून घेतली तर मुलांना खरोखर लिहिता-वाचता न येताही ती या परीक्षेत पास होऊ शकतात. लो यांच्या दृष्टीने मात्र योजना निम्मी तरी यशस्वी झाली होती. पहिल्या तीन-चार वर्षांत सरकारचा खर्च आठ लाख पौंडांवरून साडेसहा लाखांच्या आत आला. स्वस्त होण्याचं वचन पाळलं गेलं.

ही पद्धत बोटीत बसून आपल्याकडेही आली. मुंबई इलाख्यात अनुदानित शाळांना 'निकालाप्रमाणे' पैसे मिळू लागले. 1882 मध्ये हंटर आयोग नेमला गेला, तेव्हा पुण्याहून एक निवेदन त्याच्यापुढे गेलं. खाली सही होती जोतीराव फुले यांची. व्यापारी, शेतकरी, म्युनिसिपल कमिशनर, पेठ जुना गंज. भिडेवाड्यात मुलींची शाळा काढून तेव्हा चौतीस वर्षं झाली होती.

निकालाच्या या भानगडीवर फुले तुटून पडतील, अशा अपेक्षेने मी ते निवेदन उघडलं. पण खेड्यातल्या ज्या मास्तरांची जास्त मुलं पास होतात त्यांना पगाराखेरीज खास भत्ता द्यावा, असं त्यात चक्क सुचवलंय. मी थबकलो. मग पुन्हा सुरुवातीपासून वाचलं.

या सूचनेच्या आजूबाजूला बरंच काही आहे. प्राथमिक शिक्षकाचा पगार क्वचितच दहा रुपयांवर जातो, तो किमान बारा करा, मोठ्या गावांत पंधरा-वीस द्या. शक्यतो शेतकरी वर्गातून आलेले, गरज पडली तर नांगर धरू शकणारे शिक्षक नेमा. डेप्युटी इन्स्पेक्टरची वर्षातून एक फेरी निरुपयोगी आहे, निदान तीन महिन्यांनी तपासणी करा, आणि मधूनमधून न कळवता जा. म्हणजे भत्ता आहे, पण तो पोटापुरत्या खात्रीच्या पगारावर. तपासणी आहे, पण आधी कळवून, मुलांना पढवून ठेवता येईल अशी एकच नाही. मोजायला फुल्यांची हरकत नव्हतीच. कुणीच मोजत नाही अशा शाळेत कुणाची मुलं वाऱ्यावर सुटतात, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

आणि मग शिष्यवृत्त्या. ज्या वर्गांना शिक्षणाची गोडी आधीच लागली आहे त्यांनाच त्या मिळतात, असं ते म्हणतात. स्पर्धा तत्त्वतः न्याय्य असली, तरी तिने इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही, म्हणून काही शिष्यवृत्त्या जिथे शिक्षण पोचलंच नाही अशा समाजांसाठी ठेवा. हे वाक्य 1882 सालचं आहे. मी चौथीची परीक्षा दिली 2006 मध्ये.

आयोगाने देशी प्राथमिक शाळांना निकालाप्रमाणेच मदत द्यावी असं सुचवलं. तिकडे इंग्लंडमध्ये 1890 पासून ही पद्धत मोडीत निघाली. आपल्याकडे ती मागे पडायला कर्झनचा काळ उजाडला. विलायतेत जुना झालेला कोट इथे आणखी काही वर्षं वापरला गेला.

आज पुन्हा तोच वाद चालू आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणं बंद केलं, 2019 च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत ती मुभा राज्यांना परत दिली. परीक्षा हवी की नको, यावर आपण भांडतो. इतिहास वाचल्यावर मला वाटतं, निकाल वाईट लागला तर भुर्दंड कुणाला, हे आधी विचारायला हवं. लो यांच्या योजनेत तो मुलाच्या शाळेला बसला आणि शाळेने तो मुलाकडून वसूल केला. वाईट निकाल लागलेल्या शाळेकडे जास्त पैसे, जास्त शिक्षक आणि जास्त फेऱ्या वळवणारी परीक्षा असेल, तर मी आनंदाने तिच्या बाजूने उभा राहीन.

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात शिष्यवृत्तीधारकांचा फलक अजून आहे. त्यावर माझं नाव आहे. माझा मित्र त्या परीक्षेत नापास झाला, अशी नोंद मात्र कुठेच नाही. त्याला परीक्षेला बसवलंच नव्हतं.