कॅपखाली काय दडलंय?

रूट कॅनाल झालं, ठणका थांबला, आणि डॉक्टर म्हणाले, "आता कॅप बसवावी लागेल." अशा वेळी आपण मनात म्हणतो, दुखायचं तर थांबलं, मग हा वरखर्च कशाला? आज याचं उत्तर इतिहासात शोधू या. कारण कॅपची, म्हणजे क्राऊनची गोष्ट एकाच प्रश्नाभोवती फिरते: वरचं दिसणं महत्त्वाचं की खालचा दात?

सुरुवात इटलीत. तिथले इट्रस्कन लोक अडीच हजार वर्षांपूर्वी सोन्याची पातळ पट्टी दातांभोवती बसवायचे आणि तिच्यात खोटा दात अडकवायचे. किडलेला दात वाचवणं हा हेतू नव्हताच. तोंड उघडलं की सोनं चमकलं पाहिजे, एवढंच!

आता थेट १७२८ सालच्या पॅरिसमध्ये येऊ. पिएर फोशार नावाच्या दंतवैद्यानं दातांवर जाडजूड ग्रंथ छापला. दात वरून तुटला पण मूळ शाबूत असेल, तर मुळातच खुंटी ठोकून तिच्यावर नवा दात बसवायचा, ही पद्धत त्यात आहे. आणि हे सगळं भूल न देता बरं का! लोक लाकडाच्या खुंट्याही वापरायचे. लाळेनं लाकूड फुगायचं, दात घट्ट बसायचा. पण कधी कधी त्याच फुगण्यानं मूळ चिरायचं. म्हणजे दात वाचवायला गेले आणि मूळच गमावून बसले.

१८८९ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या चार्ल्स लँड यांनी पोर्सिलेनच्या कॅपचं पेटंट घेतलं. प्लॅटिनमच्या अगदी पातळ पत्र्यावर पोर्सिलेन भाजून त्यांनी दाताला अंगरखाच शिवला म्हणा ना! (१९२७ मध्ये एकट्यानं अटलांटिक ओलांडणारा वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग हा यांच्याच मुलीचा मुलगा.) ही कॅप दिसायला झकास, पण ठिसूळ. १९०७ मध्ये विल्यम टॅगर्ट यांनी मेणाचा नमुना वितळवून त्या जागी सोनं ओतायची पद्धत दंतवैद्यकात रुजवली. ही युक्ती आपल्याकडे फार जुनी. मोहेंजोदडोची नर्तकी अशीच घडलीय आणि बस्तरचे ढोकरा कारागीर आजही असंच ओतकाम करतात.

सोन्याच्या कॅप धडाधड बसू लागल्या. आणि इथेच गोष्ट फिरते. १९१० मध्ये विल्यम हंटर हे ब्रिटिश डॉक्टर मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात भाषणाला उभे राहिले आणि त्यांनी या सोनेरी कामावर तोफ डागली. वर सोनं आणि खाली पू, हा काय प्रकार? हा पू शरीरभर रोग पसरवतो, असं त्यांचं म्हणणं.

तक्रार अर्धी खरी होती. किडका, सडका दात साफ न करता त्यावर कॅप चढवली जायची. पण लोकांनी दुसरं टोक गाठलं. संधिवात असो की पोटाचं दुखणं, संशय आला की काढ दात! पुढची काही दशकं असंख्य चांगले दात विनाकारण उपटले गेले. ही लाट ओसरली ती पुराव्यांपुढे. एक्स-रेमुळे मुळाशी काय चाललंय ते दिसू लागलं आणि आधी दात आतून साफ करायचा, मग झाकायचा, हा क्रम पक्का झाला.

१९६२ मध्ये धातूवर पोर्सिलेन पक्कं बसवायच्या तंत्राला पेटंट मिळालं. त्यामुळे ताकद आणि रूप दोन्ही साधलं. आज झिरकोनियाची कॅप कॉम्प्युटरवर आखून मशीनवर कोरली जाते.

मग कॅप कशाला? किडीनं आणि रूट कॅनालनं दाढ आतून पोकळ होते. चावताना तिच्यावर भार येतो आणि उरलेल्या भिंती फुटू शकतात. कॅप त्या भिंतींना एकत्र आवळून धरते. दाढ उभी चिरली, तर बहुतेक वेळा ती काढावीच लागते.

पण कॅपला कीड लागत नसली, तरी तिच्या कडेला, हिरडीपाशी, खालच्या दाताला लागते. म्हणून कॅप बसवण्याआधी डॉक्टरांना बिनधास्त म्हणा, "मला एक्स-रे दाखवून समजावता का?" आणि नंतर ब्रश त्या कडेवरून नीट फिरवा. सोनं असो की झिरकोनिया, टिकायचं ते खालच्या दाताच्याच जिवावर.

भेटू पुढच्या भागात. तोवर दात सांभाळा!