ग्रॅनी क्लाउड

दूरदेशीच्या स्वयंसेवकांनी व्हिडिओ कॉलवरून मुलांशी इंग्रजीत गप्पा माराव्यात, गोष्टी वाचून दाखवाव्यात, यासाठी २००९ मध्ये सुरू झालेला उपक्रम. न्यूकॅसल विद्यापीठातील प्रा. सुगत मित्रा यांनी ‘गार्डियन’मधून ब्रिटिश आज्यांना आठवड्यातला एक तास मागितला. पुढे आलेल्या सगळ्याच आज्या नव्हत्या. निवृत्त शिक्षकही बरेच होते. नाव मात्र तेच राहिले.

कल्पनेचे मूळ तमिळभाषक कलिकुप्पम गावातल्या मित्रा यांच्या प्रयोगात आहे. तिथे संगणकावर स्वतःहून जीवशास्त्र शिकणाऱ्या मुलांच्या पाठीशी विषयाची गंधवार्ता नसलेली एक तरुणी नुसती कौतुक करत उभी राहिली आणि गुण वाढले. आजी नातवंडांचे करते तेच हे कौतुक.

मित्रा यांना २०१३ मध्ये दहा लाख डॉलरचा टेड पुरस्कार मिळाला. त्यातून मुलांनी स्वतःहून शिकण्याची सात केंद्रे उभी राहिली, पाच भारतात. त्यांपैकी एक फलटणला, प्रगत शिक्षण संस्थेत. ही संस्था मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी उभारली. त्या फलटणची मराठी अभ्यासायला आल्या आणि इथल्याच झाल्या. संस्थेची शाळा मराठी माध्यमाची. मातृभाषा पक्की आणि सोबतीला इंग्रजी गप्पा, हीच मांडणी योग्य होय.

महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, पण ते बोलायला समोर माणूस नसतो. साकोली तालुक्यातल्या एकोडीसारख्या गावी घरी झाडीबोली, वर्गात प्रमाण मराठी आणि इंग्रजी तिसरी. अशा मुलाला पडद्यावरच्या आजीने ‘तुझ्या शेताजवळ काय आहे?’ असे विचारले, तर ‘पाँड’ म्हणून भागत नाही. धान वाचवायला पाणी साठवतात ती बोडी, धानाची लावणी म्हणजे रोवणी, दिवाळीनंतरची मंडई ही जत्रा, रात्रीचे लोकनाट्य दंडार हे सारे त्याला मोडक्यातोडक्या वाक्यांत समजावून द्यावे लागते. इथे सांगणारे मूल असते, ऐकणारी आजी. देवाणघेवाण म्हणायची ती हीच.

वेळ जुळते: आपल्याकडे दुपारचे अडीच, तेव्हा ब्रिटनमध्ये हिवाळ्यात सकाळचे नऊ, उन्हाळ्यात दहा. अडते ते विजेपाशी, नेटपाशी आणि सांभाळणाऱ्या माणसापाशी. मित्रा यांच्याच आधीच्या ‘होल इन द वॉल’ या भिंतीत संगणक बसवण्याच्या प्रयोगातली अल्मोडा व हवालबाग इथली संगणक-केंद्रे बंद पडलेली संशोधक पायल अरोरा यांना आढळली. तो अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून हा तास शिक्षकाच्या जागी नव्हे, शिक्षकाच्या जोडीनेच चालवावा.