अमेरिकेत मानसिक आरोग्याची ओपीडी कशी सुरू होते? लायसन्स, एनपीआय आणि मेडिकेड नोंदणीची संपूर्ण माहिती

तुमच्या ओळखीत कोणीतरी हिंजवडी, मगरपट्टा किंवा ऐरोलीत 'यूएस हेल्थकेअर' प्रोसेसवर काम करत असेलच. रात्रपाळी, हेडसेट, आणि तोंडात सतत क्लेम, डिनायल, एनपीआय, क्रेडेन्शियलिंग असे शब्द. मी स्वतः सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि गेली काही वर्षं अमेरिकेतल्या क्लिनिकना सरकारी नोंदणीचे फॉर्म भरायला मदत करणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो.

सुरुवातीला मला वाटायचं, फॉर्म तर आहे, त्यात काय एवढं? मग माझ्याच कोडमुळे एका छोट्या क्लिनिकचा अर्ज दोनदा परत आला आणि डोळे उघडले. तो किस्सा पुढे सांगतोच. आधी विषय नीट समजून घेऊया.

बिहेवियरल हेल्थ एजन्सी म्हणजे काय?

अमेरिकेत मानसिक आजार आणि व्यसन या दोन्हींच्या उपचारांना मिळून 'बिहेवियरल हेल्थ' म्हणतात. आउटपेशंट म्हणजे आपली ओपीडी. रुग्ण येतो, समुपदेशन किंवा औषध घेतो आणि घरी जातो. ॲडमिट होत नाही.

एकटा समुपदेशक स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ऑफिसात रुग्ण बघत असेल तर सहसा वेगळं संस्थेचं लायसन्स लागत नाही. पण समुपदेशक, केस मॅनेजर, सहाय्यक अशी टीम ठेवून संस्था चालवायची म्हटलं की ती 'एजन्सी' होते, आणि खरी कागदपत्रं तिथून सुरू होतात.

मेडिकेड म्हणजे काय?

मेडिकेड ही कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीची सरकारी आरोग्य योजना. ती १९६५ मध्ये सुरू झाली. पैसा केंद्र आणि राज्य मिळून देतात, पण चालवतं प्रत्येक राज्य आपापल्या पद्धतीने. म्हणून नावंही वेगळी: कॅलिफोर्नियात मेडी-कॅल, मॅसॅच्युसेट्समध्ये मासहेल्थ, टेनेसीत टेनकेअर. ॲरिझोनात तिचं नाव आहे 'ॲरिझोना हेल्थ केअर कॉस्ट कंटेनमेंट सिस्टीम'. इंग्रजी आद्याक्षरं जोडून लोक तिला 'ॲक्सेस' म्हणतात. मेडिकेडमध्ये सगळ्यात शेवटी आलेलं राज्य ॲरिझोनाच, १९८२ साली.

मेडिकेड आणि मेडिकेअर यात गल्लत करू नका. मेडिकेअर मुख्यतः ६५ वर्षांवरच्या लोकांसाठी आहे आणि ती थेट केंद्र सरकार चालवतं.

लायसन्स आणि नोंदणी, दोन्ही वेगळं!

सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. सोपं उदाहरण घ्या. रिक्षा चालवायला परवाना लागतो, तो आरटीओ देतं. पण ॲपवरून भाडं मिळवायचं तर ॲपवर वेगळी नोंदणी लागते. परवाना आहे म्हणून ॲप आपोआप भाडी देत नाही.

इथेही तसंच आहे. लायसन्स म्हणजे सेवा देण्याची परवानगी. मेडिकेड नोंदणी म्हणजे त्या सेवेचे पैसे सरकारकडून मागण्याची परवानगी. ही दोन कामं बहुतेक वेळा दोन वेगळी खाती करतात. ॲरिझोनात लायसन्स राज्याचा आरोग्य सेवा विभाग देतो आणि नोंदणी 'ॲक्सेस' करते.

स्टेप बाय स्टेप प्रक्रिया

क्रम महत्त्वाचा आहे, कारण पुढच्या प्रत्येक पायरीला मागच्या पायरीचा कागद लागतो. इथे ॲरिझोनाचं उदाहरण घेतो. बाकी राज्यांत खात्यांची नावं बदलतात, सांगाडा साधारण हाच राहतो.

१. कंपनी नोंदवणे. बहुतेक छोट्या एजन्सी एलएलसी म्हणून सुरू होतात. ॲरिझोनात हे काम कॉर्पोरेशन कमिशनकडे होतं.

२. ईआयएन घेणे. हा कंपनीचा नऊ अंकी कर क्रमांक. आपल्याकडच्या पॅनसारखा समजा. अमेरिकेचा आयकर विभाग, म्हणजे आयआरएस, तो फुकट देतो. सोबत एक पत्र येतं, त्याला सीपी ५७५ म्हणतात. हे पत्र जपून ठेवा. त्यावर जे नाव छापलंय तेच तुमचं कायदेशीर नाव.

३. माणसांची लायसन्स. समुपदेशक, क्लिनिकल सोशल वर्कर, फॅमिली थेरपिस्ट यांची लायसन्स ॲरिझोनात बोर्ड ऑफ बिहेवियरल हेल्थ एक्झामिनर्स देतं. लायसन्स नसलेले सहाय्यक ठेवता येतात, पण लायसन्सधारकाच्या देखरेखीखालीच.

४. एनपीआय घेणे. हा दहा अंकी राष्ट्रीय क्रमांक, तोही फुकट मिळतो. टाइप १ व्यक्तीसाठी, टाइप २ संस्थेसाठी. एजन्सीला टाइप २ लागतो आणि तिथल्या प्रत्येक समुपदेशकाला स्वतःचा टाइप १. अर्ज करताना 'टॅक्सॉनॉमी कोड' निवडायचा असतो, म्हणजे तुम्ही नेमक्या कोणत्या प्रकारची सेवा देता ते. तो चुकला तर पुढे क्लेम अडकतात.

५. संस्थेचं लायसन्स. ॲरिझोनात अशा ओपीडीला 'आउटपेशंट ट्रीटमेंट सेंटर' म्हणून लायसन्स मिळतं. जागा, कर्मचारी, रुग्णांचे हक्क, तक्रार निवारण, कागदपत्रं सांभाळण्याची पद्धत हे सगळं लेखी धोरणात असावं लागतं.

६. मेडिकेड नोंदणी. राज्याच्या पोर्टलवर अर्ज. लायसन्स, ईआयएनचं पत्र, एनपीआय, बँक खातं आणि मालकांची माहिती द्यायची. पाच टक्के किंवा जास्त मालकी असलेल्या प्रत्येकाचं नाव सांगावंच लागतं. संस्था म्हणून अर्ज असेल तर फीही लागते. २०२५ साली ती ७३० डॉलर होती. मेडिकेअरला किंवा दुसऱ्या राज्याच्या मेडिकेडला ती आधीच भरली असेल तर पुन्हा लागत नाही.

७. विमा प्लॅनशी करार. मेडिकेडचे बरेच रुग्ण खासगी 'मॅनेज्ड केअर' प्लॅनमार्फत येतात. राज्याकडे नोंदणी झाली म्हणजे प्लॅनने घेतलंच असं नाही. प्रत्येक प्लॅन वेगळी तपासणी करतो. त्यासाठी सीएक्यूएच नावाच्या सामायिक पोर्टलवर समुपदेशकाची माहिती भरतात आणि साधारण दर १२० दिवसांनी 'हे सगळं अजून खरं आहे' असं पुन्हा कबूल करावं लागतं. विसरलात की फाइल अडकली.

याशिवाय लघवीची झटपट ड्रग चाचणी करणार असाल तर क्लिया नावाचं प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र लागतं. रुग्णांच्या माहितीसाठी हिपा कायदा आहेच, पण व्यसनाच्या उपचारांच्या नोंदींना '४२ सीएफआर पार्ट २' हा आणखी कडक नियम लागू होतो.

एनपीआय खरा आहे की खोटा? फोनवरच तपासा

हा भाग माझ्या आवडीचा. डेबिट कार्डाचा नंबर टाकताना एक अंक चुकला की ॲप लगेच ओरडतं ना? तसाच लून अल्गोरिदम एनपीआयमध्येही आहे. दहावा अंक आधीच्या नऊ अंकांवरून काढलेला असतो.

उदाहरण म्हणून १२३४५६७८९ हे नऊ अंक घेऊ.

- उजवीकडून एक सोडून एक अंक दुप्पट करा: ९, ७, ५, ३, १ यांचे होतात १८, १४, १०, ६, २.
- त्यातले सगळे अंक सुटे करून मिळवा: १+८+१+४+१+०+६+२ = २३.
- उरलेले अंक मिळवा: ८+६+४+२ = २०.
- त्यात २४ मिळवा. एनपीआयच्या आधी ८०८४० धरलेले असतात, त्यांचा हा वाटा. एकूण ६७.
- पुढचा दहाचा पाढा ७०. फरक ३. म्हणून पूर्ण क्रमांक १२३४५६७८९३.

पण लक्षात ठेवा, यातून फक्त टायपिंगची चूक कळते. माणूस खरा आहे का, हे कळत नाही. ते कळण्यासाठी पुढची पायरी आहे.

धोक्याच्या तीन श्रेणी

२०१० च्या आरोग्य कायद्यानंतर मेडिकेडमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला तीनपैकी एका श्रेणीत टाकतात.

- कमी धोका: लायसन्स आणि सरकारी याद्या तपासतात. फसवणुकीमुळे बाद केलेल्यांची केंद्राची एक यादी असते, त्यात नाव आहे का ते बघतात.
- मध्यम धोका: वरचं सगळं, शिवाय जागेवर येऊन पाहणी. आधीही आणि नंतरही.
- जास्त धोका: वरचं सगळं, शिवाय पाच टक्के किंवा जास्त मालकी असलेल्यांचे बोटांचे ठसे आणि गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी.

आणि हे एकदाच नाही. किमान दर पाच वर्षांनी पुन्हा पडताळणी होते.

एवढी कटकट कशाला? ॲरिझोनात काय झालं ते वाचा

१६ मे २०२३ रोजी ॲरिझोनाच्या गव्हर्नर केटी हॉब्स आणि ॲटर्नी जनरल क्रिस मेझ यांनी जाहीर केलं की शंभराहून जास्त बिहेवियरल हेल्थ संस्थांचे पैसे रोखले जात आहेत. फसवणुकीची पद्धत भयानक होती. नवाहो आणि इतर मूळनिवासी समाजातल्या लोकांना 'उपचार मिळतील, राहायला घर मिळेल' असं सांगून गाडीत बसवून फिनिक्सला आणायचं, व्यसनमुक्तांच्या घरांमध्ये ठेवायचं आणि त्यांच्या नावावर ओपीडीची बिलं लावायची. उपचार अनेकांना मिळालेच नाहीत. मेलेल्या आणि तुरुंगात असलेल्या लोकांच्या नावेही बिलं गेली.

इंजिनिअर म्हणून बघितलं तर यात दोन भोकं ठळक दिसतात. एक, एच००१५ नावाचा व्यसनाच्या सखोल ओपीडी कार्यक्रमाचा कोड. त्याला ठरलेला दर नव्हता, जेवढं बिल लावाल त्याची टक्केवारी मिळायची. म्हणजे इनपुटला कमाल मर्यादाच नाही! दोन, रुग्णाला विमा प्लॅनमधून मूळनिवासींसाठीच्या सरकारी योजनेत हलवायला एक फोन पुरायचा. ओटीपीशिवाय खातं बदलण्यासारखंच झालं की हे.

नंतर दर ठरवला, फोनवरून बदल बंद केला, या संस्थांना जास्त धोक्याच्या श्रेणीत टाकलं आणि जून २०२३ पासून नवीन ओपीडी संस्थांची नोंदणी थांबवली. ती बंदी पुढे वाढतही गेली. प्रामाणिक लोकांचे अर्जही त्यात अडकले. आणि संस्था बंद पडल्या तेव्हा घरापासून शेकडो किलोमीटर लांब आणलेले रुग्ण रस्त्यावर आले. त्यांना शोधून मदत पोहोचवायला नवाहो नेशनने 'ऑपरेशन रेनबो ब्रिज' सुरू केलं.

आता माझी चूक

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मी 'ऑटोफिल' लिहिलं होतं. एकदा नाव टाका, सगळ्या फॉर्ममध्ये भरलं जाईल. भारी वाटलं होतं तेव्हा. पण त्या क्लिनिकचं पाटीवरचं नाव वेगळं आणि आयआरएसच्या पत्रावरचं वेगळं होतं. माझ्या कोडने पाटीवरचं नाव सगळीकडे टाकलं. अर्ज परत आला. घाईत नाव दुरुस्त केलं, तर एनपीआयच्या नोंदीत जुना पत्ता राहिला होता. अर्ज पुन्हा परत.

मध्ये काही महिने गेले. जागेचं भाडं चालू, दोन समुपदेशक नेमलेले. कॉलवर मालकीणबाईंनी शांतपणे सांगितलं की मेडिकेडचं कार्ड घेऊन आलेल्या लोकांना त्या रोज दुसरीकडे पाठवतायत, आणि त्यातले किती जण तिथे पोहोचतात हे त्यांना माहीत नाही. माझ्यासाठी ते एक तिकीट होतं. त्यांच्यासाठी दारातून परत गेलेली माणसं.

मी ऑटोफिल काढलं नाही. पण आता सबमिट करण्याआधी आयआरएसचं पत्र, लायसन्स, एनपीआय आणि अर्ज या चारही ठिकाणचं नाव आणि पत्ता शेजारी शेजारी दिसतात. अक्षराचा फरक असला तरी लाल. कटकट वाटते, पण ॲरिझोना वाचल्यापासून मला ती कटकट कमी करायची घाई नाही. फॉर्म सोपा करणं आणि तपासणी काढून टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एनपीआय मिळाला म्हणजे लायसन्स मिळालं का?
नाही. एनपीआय फक्त ओळख क्रमांक आहे.

नोंदणीची तारीख येण्याआधी बघितलेल्या रुग्णांचं बिल लावता येतं का?
ते गृहीत धरू नका. मंजुरीच्या पत्रावर नोंदणी कधीपासून लागू ती तारीख असते. आधी ती बघा.

मेडिकेडचे पैसे भारतातल्या बँक खात्यात घेता येतात का?
नाही. अमेरिकेबाहेरच्या बँकेला किंवा संस्थेला मेडिकेडचे पैसे देता येत नाहीत. काही राज्यं तर रुग्णांची माहितीही देशाबाहेर जाऊ देत नाहीत.

समुपदेशकांना मेडिकेअरचंही बिल लावता येतं का?
हो. १ जानेवारी २०२४ पासून मेंटल हेल्थ काउन्सेलर आणि फॅमिली थेरपिस्ट मेडिकेअरमध्ये नोंदणी करून बिल लावू शकतात.

तर मित्रांनो, तुम्ही बिलिंगमध्ये काम करत असाल, किंवा तिकडे कोणी ताई-दादा क्लिनिक काढायच्या विचारात असेल, तर एक काम आजच सांगा: जागा भाड्याने घेण्याआधी सगळ्या कागदांवरचं नाव एकसारखं आहे का ते बघा. काही शंका असेल तर कमेंटमध्ये नक्की विचारा.