पाचवीचा कोरा कागद

एखादी गोष्ट आयुष्यभर पाठ सोडत नसेल, तर ती ‘पाचवीला पुजलेली’ असे आपण म्हणतो. हा वाक्प्रचार ज्या विधीतून आला तो नांदेड-लातूरकडच्या घरांत आजही होतो. मूल जन्मल्यानंतर पाचव्या, काही घरांत सहाव्या रात्री सटवाईची पूजा मांडतात. पाटा-वरवंट्याला हळदकुंकू लावतात, दिवा रात्रभर तेवत ठेवतात आणि पूजेत एक कोरा कागद व लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येते आणि बाळाचे नशीब लिहून जाते, अशी श्रद्धा. ज्या घरात बाईच्या हाती कधी पाटी-पेन्सिल आली नाही, त्या घरातही त्या एका रात्री तिच्या उशाशी लेखनाचे साहित्य असे. लिहिणार मात्र देवी. सकाळी कागद कोराच सापडे.

माझे माहेर लातूरचे, संसार नांदेडात. मुलगी आता दहा महिन्यांची आहे. तिच्या निमित्ताने दोन्हीकडून माझ्याकडे वस्तू आल्या, गाणी आली, औषधपाण्याचे शहाणपण आले. इतिहासाच्या अभ्यासाची सवय असल्यामुळे मी प्रत्येकाची नोंद करू लागले आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारू लागले : हे पहिल्यांदा कुणी केले? उत्तर बहुधा ठरलेले असे. ‘पूर्वापार आहे’, ‘आपल्यात करतात’. या उत्तराविषयीच हा लेख आहे. परंपरा म्हणून आपण ज्याचे एक गाठोडे बांधतो, ते एकेका बाईने केलेल्या निवडींमधून घडले आहे, असे मला वाटते. त्या बायकांची नावे उरली नाहीत याला कारणे आहेत आणि ती इतिहासात शोधता येतात.

कुंची, गोधडी, सहाण

माझ्या नोंदींतली पहिली वस्तू कुंची. डोके, कान आणि पाठ एकदम झाकणारे हे बाळाचे वस्त्र बाळंतविड्यात हमखास असते. मला आलेली कुंची माझ्या मावशीच्या हातची. वरून खण, कडेला जुन्या शालूची जर, आतून मात्र धुऊन धुऊन मऊ झालेले सुती लुगडे. बाहेरचा भाग पाहणाऱ्यांसाठी, आतला बाळाच्या कातडीसाठी. मागच्या पडद्याला तिने वीतभर जास्त कापड आत दुमडून ठेवले होते. मूल वाढेल तशी शिवण उसवत न्यायची. हे तिला कुणी शिकवले नव्हते. कापड पुन्हा मिळेलच याची खात्री नसलेल्या घरात वाढल्यामुळे तिला ते सुचले.

गोधडीचेही तसेच. आमच्याकडे मोठ्यांची ती वाकळ आणि बाळाचे ते दुपटे. आज शहरी प्रदर्शनांत गोधडी हस्तकला म्हणून विकली जाते. मूळ गरज वेगळी होती. नांदेड कापसाचा जिल्हा, निजामाच्या काळापासून तिथे उस्मानशाही मिल होती, लातूरची बाजारपेठ मोठी. कापूस आपल्या रानात पिके, पण नवे कापड शेतकरी घरात वर्षाकाठी मोजकेच येई. म्हणून फाटलेल्या लुगड्याचा, धोतराचा, अंगरख्याचा एकही धडका तुकडा वाया जात नसे. कोणता तुकडा कुठे लावायचा, मधला चौकोन कोणत्या रंगाचा घ्यायचा, हे शिवणारी ठरवी. बाळाच्या दुपट्यात आजीच्या लुगड्याचा तुकडा घालायचा हा आग्रह मला दोन्ही घरांत दिसला. वापरून मऊ झालेले कापड बाळाला टोचत नाही, हे त्यामागचे साधे कारण. शिवाय गेलेल्या माणसाचा स्पर्श त्यात राहतो, हे न बोललेले.

तिसरी नोंद सहाणेची. बाळगुटीतले वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, मायफळ, हिरडा, सुंठ, ज्येष्ठमध ही सगळी सामग्री लातुरात 1917 साली बांधलेल्या गंजगोलाईच्या बाजारात आणि नांदेडच्या जुन्या पेठांत अजून मिळते. प्रत्येक वस्तूचे सहाणेवर किती वेढे द्यायचे, हे घरागणिक बदलते. पोट फुगले तर कशाचे वेढे वाढवायचे, हे जुन्या बायका तोंडपाठ सांगतात. आजचे बालरोगतज्ज्ञ सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नका म्हणतात. मी तेच पाळले. सहाण मी औषधासाठी ठेवली नाही. वजन-मापाचे साधन हाती नसताना बायकांनी वेढ्यांचे प्रमाण बसवले, बाळाकडे पाहून ते बदलले आणि तोंडी पुढे दिले. या निरीक्षणाची ती खूण आहे, म्हणून ठेवली.

पाळणा आणि ओवी

गाण्यांकडे वळल्यावर नावाचा प्रश्न अधिक टोकदार होतो. माहूर नांदेड जिल्ह्यात. तिथे रेणुकेचे ठाणे आहे, दत्तशिखर आहे आणि अनसूयेचे शिखरही. तीन देवांना बाळ करून पाळण्यात घालणाऱ्या अनसूयेची कथा महाराष्ट्राला पाठ आहे. दत्तजन्माला, रामनवमीला, गोकुळाष्टमीला देवळांत पाळणे म्हणतात. त्यांतल्या अनेकांच्या शेवटच्या कडव्यात कवीची नाममुद्रा असते आणि ती बहुधा पुरुषाची असते. बारशाला घरात जे पाळणे म्हणतात त्यांची बांधणी पुष्कळदा तीच; पहिल्या दिवसापासून बाराव्या दिवसापर्यंत एकेक कडवे. पण शेवटी कुणाचेच नाव नसते. माझ्या मुलीच्या बारशाला आईने म्हटलेल्या पाळण्यात आमच्या तीन गावांची नावे आणि दोन नद्या होत्या. एक मांजरा, दुसरी गोदावरी. म्हणजे लातूरकडची कुणी बाई नांदेडकडे नांदायला गेली आणि तिने जुन्या पाळण्यात सासरची नदी घातली, एवढे तर्काने सांगता येते. ती कोण, ते कळत नाही.

मराठवाड्यात संतकवयित्रींची परंपरा मोठी आहे. गोदाकाठच्या गंगाखेडची जनाबाई दळता-कांडता रचत होती. तिने स्वतःचे नाव अभंगात ठेवले, पण नामदेवाची दासी म्हणून. सोयराबाईची नाममुद्रा चोखोबाची बायको आणि तिची जात यांवर उभी आहे. त्यांचे शब्द टिकले, कारण संप्रदायाने ते वह्यांत उतरवले. नाव टिकवायला असा कुणी तरी लिहिणारा लागतो. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींची गाणी 1952 साली, त्यांच्या मृत्यूनंतर, छापून आली ती त्यांचा मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता आणि घरात गाणी टिपली गेली होती म्हणून. बहिणाबाईंइतक्या ताकदीच्या आणखी किती जणी जात्यावर बसल्या असतील, याचा हिशोब कुणाकडेच नाही.

निजामाच्या राज्यात हा प्रश्न आणखी अवघड होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू, शिक्षणातही तिचाच वरचष्मा. मराठी बोलणाऱ्या मुलाला शिकून पुढे जायचे तर परकी लिपी गिरवावी लागे; मुलीचा तर विषयच नसे. पुण्या-मुंबईकडे एकोणिसाव्या शतकातच स्त्रियांची मासिके येऊ लागली. आमच्याकडे 1948 च्या मुक्तिसंग्रामानंतरच शाळा खऱ्या अर्थाने गावागावांत पोचू लागल्या. त्यामुळे माझ्या आजीच्या पिढीचे सगळे साहित्य कंठात राहिले.

त्यात ओवीचा स्वभावही आड आला. ओवीत भावाचे नाव येते, गावाचे येते, मुलगा राघू होतो आणि मुलगी मैना. गाणारी स्वतः मात्र ‘बाई’ एवढीच राहते. शिवाय लग्नात जिचे नावच बदलले, तिने कोणते नाव घालायचे? माहेरचे सासरी चालत नाही आणि सासरचे तिचे नसते.

संग्राहकांनीही दोन वाटा धरल्या. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या जमवल्या, तेव्हा त्या विषयवार लावल्या. पुढे गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यांतल्या बायकांच्या साथीने एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत माजलगावच्या बायकांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. या संग्रहाचे मला सर्वांत मोठे वाटणारे काम म्हणजे ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव नोंदवणे. त्या एका रकान्यामुळे ‘लोक’ या शब्दाआड लपलेली बाई समोर येते.

सव्वा महिना कुणाचा?

बाळंतिणीची खोली बायकांसाठी निवांत होती, असे चित्र रंगवण्याचा मोह होतो. अंधारी कोपऱ्यातली खोली, शेगडी, ओवा-बाळंतशेपेची धुरी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेजारणींची ये-जा. राबणाऱ्या बाईला आयुष्यात मिळणारी ती बहुधा एकमेव सुट्टी. हातात सुई यायची, गळ्यात गाणे यायचे ते तेव्हाच. पण ही सुट्टी सगळ्यांना नव्हती.

सोयराबाईच्या बाळंतपणाची कथा या दृष्टीने पुन्हा वाचावी. चोखोबा घरी नाही, जवळ करणारे कुणी नाही. तेव्हा विठ्ठल नणंदेच्या रूपाने येतो आणि तिचे बाळंतपण करतो. भक्तीचा महिमा म्हणून ही कथा सांगतात. मला त्यात एका बाईचे एकटेपण ऐकू येते. देवालाच यावे लागले, इतके तिथे कुणी नव्हते. उलट, गावातल्या वरच्या घरांची बाळंतपणे करणारी सुईण अनेक गावांत दलित किंवा कारू जातीची असे. नाळ तिने कापायची, आडलेली बाई तिने सोडवायची आणि काम झाल्यावर घर शुद्ध करून घ्यायचे. तिला धान्य मिळे, खण मिळे. तिच्या कौशल्याला विद्येचे नाव कधी मिळाले नाही.

बाळंतिणीची विश्रांती हा हक्क आहे, असे म्हणणारी पहिली पावले आमच्या सीमेपलीकडे पडली. 1928 साली मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूतिलाभाच्या विधेयकाची बाजू मांडली आणि 1929 मध्ये मुंबई प्रांतात कारखान्यांतील स्त्रियांसाठी कायदा झाला. नांदेड, लातूर तेव्हा हैदराबाद संस्थानात. देशभराचा कायदा 1961 मध्ये झाला; 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा 26 आठवड्यांवर गेली. नोकरदार असल्यामुळे मला भरपगारी रजा मिळाली आणि हा लेख लिहिण्यापुरती उसंतही. कंधार-मुखेडच्या डोंगरपट्ट्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला ती मिळत नाही. तिचे मूल फडाच्या बांधावर, साडीच्या झोळीत वाढते. झोळी हाही एक शोधच आहे, पण तो कुठल्याच बाळंतविड्यात मोजला जात नाही.

गिरणीनंतर, भूकंपानंतर

गावात पिठाची गिरणी आली तशी पहाटेची जाती थांबली. बायकांच्या खांद्यावरचे ओझे उतरले, ही चांगलीच गोष्ट झाली. त्याबरोबर ओवीची जागाही गेली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदे कोसळली. त्याखाली हजारो माणसे गेली. गाणी पाठ असलेल्या कितीतरी जणी त्यांत होत्या. 52 गावे नव्या जागी वसवण्यात आली. नव्या वसाहतींत रस्ते रुंद आले, घरे सुटी-सुटी आली. सुरक्षिततेसाठी ते हवेच होते. पण जुन्या गावात भिंतीला भिंत लागून होती. बाळ रडले की शेजारीण तिच्या घरातून पाळणा सुरू करी. हे अंतर नव्या घरांत पडले.

बाळंतपणे आता दवाखान्यात होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे 95 टक्के आहे. माता आणि बालके वाचली, याहून मोठे काही नाही. जुन्या खोलीसाठी उसासे टाकणाऱ्यांनी त्या खोलीत दगावलेल्या बायकाही मोजाव्यात. तरीही तिथे चाललेली एक देवघेव आता दुसरीकडे चालवावी लागेल.

नाव घालणे

महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार 1 मे 2024 रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत बाळाच्या नावापुढे आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम आला आहे. माझी मुलगी त्यानंतरची. तिच्या कागदपत्रांत माझे नाव मधोमध आहे. पूर्वी आमच्याकडे बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगे, सगळ्या जणी टाळ्या वाजवत, आणि त्या दिवसापासून बाळाची आई ‘अमक्याची आई’ होई. आता निदान कागदावर तरी तिचे नाव उरते.

हाच न्याय कुंचीला आणि पाळण्याला लावता येईल. माझ्या वहीत आता चार रकाने आहेत : वस्तू किंवा गाणे, करणारीचे नाव (माहेरचे आणि सासरचे दोन्ही), गाव, आणि ती कुणाकडून शिकली. आतापर्यंत एकतीस नोंदी झाल्या. त्यांतल्या नऊ ठिकाणी दुसरा रकाना रिकामा आहे, कारण सांगणारी आता हयात नाही. मावशीला तिची नोंद वाचून दाखवली तेव्हा तिने फक्त एक दुरुस्ती सुचवली : वीतभर नव्हे, चार बोटे. ती मी केली आहे. या दिवाळीत ज्यांच्या घरी बाळंतीण आहे किंवा जुन्या पेटीत एखादी कुंची आहे, त्यांनी ती शिवणारीचे नाव विचारून एका चिठ्ठीवर लिहावे आणि चिठ्ठी त्याच कापडात टाचून ठेवावी. पुढच्या अभ्यासकाला तेवढेही खूप होईल.