ओरखडलेल्या डीव्हीडीतील माहिती वाचवताना...

लग्नसमारंभाच्या चित्रफिती, घरगुती छायाचित्रे यांची एकमेव प्रत असलेल्या डीव्हीडी आजही अनेक कपाटांत पडून आहेत. तबकडीवर ओरखडे असल्यास संगणक प्रत करण्याचे काम मध्येच थांबवतो. मात्र, तेवढ्याने सारी तबकडी निकामी ठरत नाही.

डीव्हीडीवरील माहिती २०४८ बाइटच्या सेक्टरांत विभागलेली असते. १६ सेक्टरांच्या प्रत्येक गटाला चूकदुरुस्तीसाठी जादा माहितीची जोड असते. त्यामुळे किरकोळ ओरखड्यांचा परिणाम जाणवत नाही. मोठा ओरखडा, विशेषतः माहितीच्या मार्गाला समांतर गेलेला, ही दुरुस्ती निष्फळ ठरवतो.

प्रथम तबकडी मऊ कापडाने केंद्राकडून कडेकडे सरळ रेषेत पुसावी. गोलाकार पुसू नये. त्यानंतर एकेक फाइल न उचलता संपूर्ण तबकडीची प्रतिमा घ्यावी. २००४पासून मोफत उपलब्ध असलेली 'जीएनयू डीडीरेस्क्यू' ही प्रणाली आधी सुस्थितीतील भाग वाचते आणि नंतर बिघडलेल्या जागांकडे वळते. कोणते सेक्टर वाचायचे राहिले, याची नोंद ती स्वतंत्र फाइलमध्ये ठेवते. तीच नोंद वापरून तबकडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातल्यास केवळ उरलेल्या सेक्टरांवर प्रयत्न होतो. एका ड्राइव्हला न जमलेले सेक्टर दुसरा अनेकदा वाचतो.

अखेरपर्यंत न वाचलेल्या जागा प्रतिमेत रिकाम्या राहतात. चित्रफितीत तिथे दृश्य क्षणभर तुटते; संकुचित फाइल मात्र उघडेनाशी होऊ शकते. पृष्ठभाग घासून घेण्याचा उपाय प्रतिमा हाती आल्यानंतरच करावा, कारण तो उलटवता येत नाही.