थार, जिम्नी चिखलातून आणलीत? ऑफ-रोड गाडी कशी धुवायची आणि पेंट कसा जपायचा?

पावसाळ्यात शनिवार-रविवार आला की पुण्या-मुंबईच्या थार आणि जिम्नी सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांकडे निघतात. चिखलाने माखलेल्या गाडीची रील भारी दिसते, लाईक्सही मिळतात. पण रविवारी रात्री गाडी तशीच पार्किंगमध्ये लावली, सकाळपर्यंत चिखल वाळला आणि कुणीतरी घाईत त्यावर फडकं फिरवलं, की खरं नुकसान तिथे सुरू होतं. बऱ्याचदा पेंटवर जंगलातल्या वाटेपेक्षा जास्त ओरखडे घरी पुसताना पडतात!

चला तर मग, अशी गाडी धुण्याची योग्य पद्धत आणि पेंट जपण्याचे पर्याय जाणून घेऊया.

पेंट खराब कसा होतो?

गाडीच्या पत्र्यावर आधी प्रायमर, मग रंग आणि सर्वात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. कंपनीतून आलेल्या पेंटचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यात क्लिअर कोट असतो सुमारे ४० ते ५० मायक्रॉनचा. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे गाडीची सगळी चमक केसापेक्षाही पातळ थरावर टिकून आहे.

वाळलेल्या चिखलात वाळूचे बारीक कण असतात. त्यावर फडकं घासणं म्हणजे पॉलिश पेपर घासण्यासारखंच. खात्री करायची असेल तर अंधारात मोबाईलचा टॉर्च बोनेटवर मारा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा दिसल्या तर ते पुसण्याचे ओरखडे आहेत. पॉलिश करून ते घालवता येतात, पण प्रत्येक पॉलिशमध्ये क्लिअर कोट थोडा कमी होतो. तो परत वाढत नाही.

गाडी धुण्याची योग्य पद्धत

१. गाडी थंड होऊ द्या. घाट उतरून आल्यावर ब्रेक डिस्क तापलेल्या असतात. त्यावर एकदम गार पाणी पडलं तर डिस्क वाकडी होऊ शकते. गाडी सावलीत उभी करा आणि अर्धा तास थांबा.

२. सुरुवात खालून करा. चाकांच्या वरची कमान, मडफ्लॅप आणि चेसिस आधी पाण्याने मोकळे करा. हे शेवटी केलं तर सगळा चिखल उडून धुतलेल्या दारांवर येतो.

३. भिजवा, हात लावू नका. पूर्ण गाडीवर पाणी मारा, पाच-दहा मिनिटं चिखल मऊ होऊ द्या आणि पुन्हा पाणी मारा. जेवढा चिखल पाण्यानेच निघेल तेवढे ओरखडे कमी. प्रेशर वॉशर असेल तर २५ किंवा ४० अंशांचा नोझल लावा (बहुतेक मशीनमध्ये हिरवा किंवा पांढरा) आणि किमान एक फूट अंतर ठेवा. शून्य अंशाचा लाल नोझल पेंटवर कधीच नको. रेडिएटरची जाळी, वायरिंगचे जोड, दारांचं रबर आणि दगड लागून पेंट उडालेली जागा यांवर थेट फवारा मारू नका.

४. कार शाम्पूच वापरा. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर वॅक्स काढून टाकते. शाम्पूचा फेस पाच मिनिटं राहू द्या, पण वाळू देऊ नका.

५. दोन बादल्या घ्या. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवा, एक भाग धुवा, साध्या पाण्यात खळबळून घ्या आणि मगच परत शाम्पूत घाला. आता वरून खाली या: आधी टप, मग काचा आणि बोनेट, शेवटी दारांचा खालचा भाग. चाकांसाठी वेगळं कापड ठेवा.

६. लगेच टिपून घ्या. बोअरचं पाणी अंगावरच वाळलं तर क्षारांचे पांढरे डाग पडतात. मोठ्या मायक्रोफायबर टॉवेलने दाबून पाणी टिपा, रगडू नका.

गाडीखाली वाकून बघितलंत का?

पेंटवरचा ओरखडा डोळ्यांना खुपतो, पण गाडीचं आयुष्य कमी होतं ते खालून. थार आणि जिम्नी या दोन्ही लॅडर फ्रेमच्या गाड्या आहेत. फ्रेमच्या भोकांमधून आत गेलेला चिखल कित्येक दिवस ओल धरून ठेवतो आणि गंज आतून सुरू होतो. मोबाईल गाडीखाली धरून टॉर्च लावा आणि व्हिडिओ काढा. कुठे चिखल अडकलाय ते लगेच कळेल. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोकं असतात, तीही मोकळी करा.

समुद्राजवळून आला असाल तर त्याच दिवशी गाडी गोड्या पाण्याने धुवा. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे गंज झपाट्याने वाढतो. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेण्यास बंदी आहे, कोकणातही अनेक ठिकाणी आहे. त्यामुळे वाळूत उतरण्याचा मोह टाळलेलाच बरा.

आणखी एक गोष्ट थेट जिवाशी संबंधित आहे. तीन दारांची थार आणि जिम्नी, दोन्हींना मागे ड्रम ब्रेक आहेत. ड्रममध्ये चिखल किंवा पाणी राहिलं तर ब्रेक कमी लागतो. धुतल्यावर मोकळ्या जागी हळू चालवत चार-पाच वेळा ब्रेक दाबून बघा. खरखर आवाज आला किंवा गाडी एका बाजूला ओढली, तर हायवेला लागण्याआधी ड्रम उघडून साफ करून घ्या. खोल पाण्यातून गेला असाल तर डिफरन्शियलचं ऑईलही तपासून घ्या. ते दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय.

पेंटसाठी कोणतं संरक्षण घ्यावं?

- वॅक्स: सर्वात स्वस्त आणि घरी लावता येतं. पावसाळ्यात एक-दोन महिने टिकतं. चिखल कमी चिकटतो, धुणं सोपं होतं.
- सिरॅमिक कोटिंग: पाणी आणि घाण सहज निसटते, चमक टिकते. पण जाहिरातीतला '९ एच' हा आकडा पेन्सिलच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवरचा आहे. त्याचा हिऱ्याशी काही संबंध नाही. काटेरी झुडपं किंवा उडालेला दगड या कोटिंगला जुमानत नाहीत.
- पीपीएफ: ही साधारण १५० ते २०० मायक्रॉनची पारदर्शक फिल्म. दगड आणि फांद्या खऱ्या अर्थाने अडवते ती हीच. टीपीयूची फिल्म घ्या, स्वस्तातली पीव्हीसी लवकर पिवळी पडते. पूर्ण गाडीचं बजेट नसेल तर बोनेटची पुढची कड, दारांचा खालचा भाग आणि मागची फेंडर एवढ्यावर लावली तरी चालते.

यातलं काहीही लावलं तरी वाळलेला चिखल कोरडा पुसायचा नाही, हा नियम कायम राहतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

थार आतून पाण्याने धुता येते का?
२०२० च्या थारमध्ये फ्लोअर धुता येईल असा आहे आणि पाणी काढायला ड्रेन प्लग आहेत. पण याचा अर्थ डॅशबोर्डवर पाईप मारायचा असा नाही! स्विच आणि स्क्रीन ओल्या कापडानेच पुसा.

लाल मातीचे डाग का राहतात?
कोकणातल्या जांभ्याच्या मातीत लोहाचं प्रमाण जास्त असतं. ती पांढऱ्या पेंटवर आणि काळ्या प्लास्टिकवर बरेच दिवस राहिली तर तांबूस छटा सोडते. त्याच दिवशी धुणं हाच उपाय.

वॉशिंग सेंटरला दिली तर चालेल ना?
चालेल. फक्त दोन गोष्टी सांगा: आधी खालून पाणी मारा आणि आधीच्या गाडीचं फडकं माझ्या गाडीला लावू नका. स्वतःचे दोन मायक्रोफायबर टॉवेल डिकीत ठेवले तर उत्तमच.

पुढच्या ट्रिपचं लोकेशन सेव्ह करताना परतीच्या रात्रीचा एक रिमाइंडरही लावून ठेवा: 'गाडीवर पाणी मारणे'. पूर्ण धुणं दुसऱ्या दिवशी केलं तरी चालेल, चिखल मात्र वाळू देऊ नका.