कोपरापर्यंत

आखाजीच्या चार दिवस आधी आत्या खापर उन्हात आणून ठेवायची आणि बोटाच्या पेराने वाजवून बघायची. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द वाजलं की कुठेतरी चीर गेली, नवं आणायला हवं. कुंभाराला माप सांगताना ती तोंडाने काही बोलत नसे. दोन्ही हात कोपरात वाकवून छातीपुढे गोल धरायची, जशी घागर कवटाळावी तसे. कुंभार त्या गोलाकडे एकदा बघून मान हलवायचा. त्याचं खापर तिच्या हातांच्या मापाने घडायचं.

आमचं घर चोपड्याचं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मध्ये कपाशीची काळी जमीन. वेचणी संपली की उपटलेल्या पऱ्हाट्यांचे भारे परसात रचून ठेवत. चुलीवर खापर पालथं घातलं की खाली याच पऱ्हाट्या लागायच्या. त्यांचा जाळ चटकन पसरतो आणि चटकन बसतो, त्यामुळे घुमटासारखं खापर कडेपर्यंत सारखं तापतं. जाड लाकडाने मधला भाग करपतो आणि कडा कच्च्या राहतात.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, पितरांच्या नावाने घागर भरतात आणि पानात आमरसाबरोबर मांडा असतो. तयारी गव्हापासून सुरू. गहू ओलवून कापडात बांधून ठेवायचे, म्हणजे दळताना कोंडा फोलासारखा सुटतो. पीठ वस्त्रगाळ करून जे पांढरंशुभ्र सपीठ निघतं ते सैल भिजवायचं आणि मुठींनी तिंबत राहायचं. तिंबता तिंबता त्याला तार येते. मग त्यात पुरण. इथेच खरी मेख आहे. पुरण आणि कणीक दोन्ही सारखी मऊ हवीत, कारण ती एकमेकींच्या सोबतीने पसरतात. पुरणात डाळीचा एक कण जरी आख्खा राहिला, तरी मांडा तिथेच फाटतो. रुमाली रोटीवालाही कणीक हवेत फिरवतो, ऑस्ट्रियातल्या बायका स्ट्रुडेलचं पीठ हातांच्या पाठींवर ताणतात. पण ती नुसती कणीक असते. इथे पोटात पुरण घेऊन ती वाढते.

आणि वाढते ती अंगावर. पोळपाट नाही, लाटणं नाही. भरलेला गोळा आत्या आधी तळव्यांवर थापायची, मग हातांच्या पाठींवर घ्यायची, या हातावरून त्या हातावर. फिरता फिरता तो मनगटाशी यायचा, तिथून कोपरापर्यंत उतरायचा. शेवटी तिचे दोन्ही हात त्याच्याखाली दिसेनासे व्हायचे. मग एका झोक्यात मांडा खापरावर. सुरकुती नाही, हवेचा फुगा नाही.

आत्याचे हात मोकळे होते. एकविसाव्या वर्षी तिचं कपाळ पांढरं झालं आणि ती आमच्याकडे परत आली. गल्लीतल्या हळदीकुंकवाला तिला बोलावणं नसे. आखाजीला मात्र चार घरांतून निरोप यायचे. बाकीच्या बायका मांडे करताना बांगड्या वर सारत, धाग्याने बांधून ठेवत; तरी एखादी निसटून खाली यायची आणि मांड्याला भोक पाडायची. "तुले बांगड्यांनी अडचन नही," असं त्या आत्याला म्हणायच्या आणि त्यांना वाटे, आपण तिचं कौतुक करतोय. आत्या हसायची. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. मलाही ते कौतुकच वाटलं होतं. आज ते वाक्य आठवलं की पोटात तुटतं. गावाने तिच्या हातातून जे काढून घेतलं, त्याच रिकाम्या जागेवरून गावाचे मांडे वाढत होते.

मांडे होत असताना आजी ओसरीत बसून मुक्ताईची गोष्ट सांगायची. ज्ञानदेवांना मांडे खावेसे वाटले. मुक्ताई खापर आणायला कुंभारवाड्यात गेली, पण विसोबाने कुंभारांना आधीच दटावलं होतं, हिला खापर द्यायचं नाही. ती रडत परतली. ज्ञानदेवांनी योगाग्नी चेतवला, त्यांची पाठ तापून लाल झाली आणि मुक्ताईने मांडे त्या पाठीवर भाजले. ही गोष्ट महाराष्ट्रभर सांगतात आणि सगळीकडे ती तापलेल्या पाठीची गोष्ट असते. आमची आजी मात्र तिथे थांबायची आणि आत्याकडे बघत म्हणायची, "पाठ भाऊनी तपनी, हात ते बहिणनाच व्हतात ना?"

मुक्ताई पुढे आमच्याच मुलखात आली. १२९७ मध्ये तापीकाठी मेहूणला वीज कडाडली आणि ती दिसेनाशी झाली, असं परंपरा सांगते. मेहूणवरून वाहत आलेलं पाणीच पुढे चोपड्याच्या अंगाने पश्चिमेला जातं. आजीला त्यामुळे मुक्ताई शेजारच्या आळीतली वाटायची.

पुण्यात शिकत असताना मला ‘मानसोल्लास’ भेटला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरचा हा संस्कृत ग्रंथ ११२९ च्या सुमाराचा, म्हणजे मुक्ताईच्याही दीडशे वर्षं आधीचा. त्यात मंडक आहेत: गहू धुऊन उन्हात वाळवायचे, दळायचे, चाळायचे, गोळे हातांच्या हालचालींनी पसरवायचे, पांढऱ्या रेशमी वस्त्रासारखे झाले की तापल्या खापरावर टाकायचे. जात्याला तिथे ‘घरट्ट’ म्हटलंय. आजी जात्याला घरोटं म्हणायची. ग्रंथालयात बसून मी तो शब्द बोटाने पुन्हा पुन्हा गिरवला होता. पण हातांच्या त्या हालचाली कशा, हे राजाच्या ग्रंथात नाही. ते लिहिता येतच नाही बहुधा. जवळजवळ नऊशे वर्षं ते एका बाईच्या हातातून दुसरीच्या हातात आलं आहे आणि त्यातल्या एकीचंही नाव कुठे नोंदलेलं नाही.

मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाने १९३४ मध्ये पॅरिसला एक व्याख्यान दिलं. माणसाचं पहिलं अवजार म्हणजे त्याचं शरीर, हा त्याचा मुद्दा. पहिल्या महायुद्धात त्याने पाहिलं होतं की इंग्रज सैनिकांना फ्रेंच फावडी चालवता येईनात. तुकडी बदलली की आठ हजार फावडी बदलावी लागायची. फावडं तेच काम करणारं, पण अंगाला लागलेलं वळण वेगळं. त्याचा शिष्य आंद्रे लरवा-गुराँ पुढे म्हणाला की अवजार हालचालीतच जिवंत असतं. हे वाचताना मला आत्या दिसत होती. तिच्या कामात तर अवजार आणि हात यांच्यात सांधाच उरला नव्हता.

मी शिकायला बसले तेव्हा पंचविशीची होते. पहिले तीन मांडे मनगटापाशीच फाटले. मी कणकेकडे टक लावून बघत होते, कुठे पातळ होतेय ते शोधत. आत्या म्हणाली, "पीठ नको देखू, मन्हा हात देख." मग तिने माझ्या मागे उभं राहून आपले हात माझ्या हातांखाली धरले. तेव्हा कळलं की हालचाल बोटांत नाहीच. ती खांद्यातून येते, अख्खं अंग किंचित डोलतं, घरोटं ओढताना डोलावं तसं. आत्याने लहानपणी पहाटे आजीसोबत घरोटं ओढलं होतं. मी गिरणीचं पीठ खाऊन वाढलेली. तिचं ते डोलणं माझ्या अंगात कुठून यावं? पाचवा मांडा कसाबसा कोपराच्या जरा अलीकडे पोचला. आत्याने तो पितरांच्या पानात वाढला.

ती गेली त्याला आता सहा वर्षं झाली. हल्ली शहरांतल्या बचत गटांच्या जत्रांत खापर गॅसवर चढतं, लोक भोवती उभे राहून मांड्यांचे व्हिडिओ काढतात. मी दिसेल तिथे थांबते. करणाऱ्या बाईचे खांदे बघते; डोलताहेत ना, एवढंच बघायचं असतं. बहुतेक डोलत असतात.

यंदा आखाजीच्या आधी चोपड्याला गेले. आत्याचं खापर वाजवून पाहिलं, बद्द वाजलं. कुंभाराकडे गेले. आता त्याचा मुलगा बसतो. तो म्हणाला, "केवढं देऊ, ताई?" मी इंचांत सांगणार होते. त्याआधीच माझे हात कोपरात वाकून छातीपुढे गोल झाले होते.

त्याने एकदा बघितलं आणि आतून खापर आणायला उठला.